हायड्रोजन काय सुचवतो, तारे काय नाकारतात

लातूरच्या शिकवणी वर्गांत हायड्रोजनच्या अणूची गणिते इतकी घोटून घेतली जातात की १३.६ हा आकडा बारावीची मुले झोपेतही सांगतील. अणूतून इलेक्ट्रॉन पार बाहेर काढायला तेवढे इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. लायमन, बामर, पाश्चेन या मालिकाही पाठ असतात. पण विश्वाच्या बाळपणाबद्दल सर्वांत जास्त सांगू शकणारी हायड्रोजनची रेषा त्या तक्त्यात नसते. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांची फिरकी एकाच दिशेने असली तर अणूची ऊर्जा किंचित जास्त असते, उलट दिशांनी असली तर किंचित कमी. हा फरक १३.६च्या सुमारे २३ लाखाव्या भागाएवढा आहे. त्यातून निघणारी लहर २१ सेंटिमीटर लांबीची, १४२० मेगाहर्ट्झची. एकटा सोडलेला अणू ही उडी आपणहून मारायला सरासरी एक कोटी वर्षांहून जास्त वेळ लावतो. तरीही रेषा दिसते, कारण विश्वात हायड्रोजनला तोटा नाही.

हेन्ड्रिक व्हान डे हुल्स्ट या डच शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, या लहरीचे भाकीत केले. १९५१ मध्ये हार्वर्डच्या युएन आणि परसेल यांनी ती प्रत्यक्ष टिपली. आपल्या आकाशगंगेचा नकाशा तिच्यावरूनच तयार झाला. पुढे लक्षात आले की हीच लहर फार दूरवरून, म्हणजे फार जुन्या काळातून आली, तर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन येईल. विश्व २७ ते ३७ कोटी वर्षांचे असताना निघालेली लहर आज ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडते. नांदेड-लातुरात गाडीतल्या रेडिओवर गाणी लागतात तो हाच एफएमचा पट्टा. पहिले तारे पेटत होते तेव्हाचा हायड्रोजन नेमक्या त्याच जागी बोलतो आणि आपणच तिथे गोंगाट करून ठेवला आहे.

या हायड्रोजनकडून उत्तर हवे आहे ते एका जुन्या प्रश्नाचे. विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के द्रव्य दिसत नाही. त्याला डार्क मॅटर, म्हणजे कृष्णद्रव्य म्हणतात. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा दीर्घिकासमूहात त्याची चाहूल घेतली. १९७०च्या दशकात व्हेरा रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घिकांच्या फिरण्यातून ते पक्के केले. त्याचे गुरुत्वाकर्षण जाणवते. पण ते साध्या द्रव्याला गुरुत्वाखेरीज दुसऱ्या कशाने स्पर्श करते का? अमेरिकेत आणि इटलीत जमिनीखालच्या प्रयोगशाळांत टनांनी द्रवरूप झेनॉन भरून या स्पर्शाची वाट पाहिली जाते. अजून काही लागलेले नाही. शिवाय तिथे एक मर्यादा आहे: कण प्रोटॉनपेक्षा बराच हलका असेल तर झेनॉनच्या जड केंद्रकाला तो हलवूच शकत नाही. अशा हलक्या कणांसाठी दोन वेगळ्या जागा उरतात, एक अत्यंत थंड आणि दुसरी अत्यंत गरम. थंड जागा म्हणजे पहिल्या ताऱ्यांच्या वेळचा हायड्रोजन. गरम जागा म्हणजे ताऱ्यांचे पोट.

महाराष्ट्राचा या हायड्रोजनच्या शोधाशी संबंध आजचा नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ, खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप यांनी १९८०च्या दशकात तिची कल्पना मांडली तेव्हा दोन मोठी उद्दिष्टे समोर होती. एक, दीर्घिका घडण्याआधीच्या काळातल्या हायड्रोजनच्या ढगांचा शोध. दुसरे, अतिवेगाने फिरणाऱ्या पल्सारांच्या ठोक्यांवरून गुरुत्वीय लहरींचा माग. पैसे मोजके होते, म्हणून भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर पोलादी तारांची जाळी बसवायची युक्ती निघाली. वारा जाळीतून निघून जातो आणि तबकडी हलकी राहते. दुसरे उद्दिष्ट जून २०२३ मध्ये बरेचसे पदरात पडले. अशा लहरींचा पुरावा जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी मांडला, त्यात जीएमआरटीची मोजमापे होती. पहिले उद्दिष्ट मात्र अजून बाकी आहे.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. कॅनडातल्या यू-ली पेन यांच्या गटाने पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील शास्त्रज्ञांसह जीएमआरटीवर १५० मेगाहर्ट्झच्या आसपास हा हायड्रोजन शोधला. २०११ मध्ये त्यांनी जाहीर केले की संदेशातले चढउतार ७० मिलिकेल्व्हिनपेक्षा मोठे असू शकत नाहीत. दोन वर्षांनी त्यांनीच ही मर्यादा २४८ मिलिकेल्व्हिनपर्यंत सैल केली. आकाशगंगेचा गोंगाट पुसताना आपण खऱ्या संदेशाचाही काही भाग पुसत होतो, हे त्यांनी कृत्रिम संदेश मिसळून स्वतःच तपासले होते. या क्षेत्रात हा प्रसंग फारसा सांगितला जात नाही. सांगायला हवा, कारण पुढे २०१८ मध्ये उठलेल्या वादळाचे मर्म त्यातच आहे: गोंगाट पुसण्याची पद्धत हीच इथली सर्वांत कच्ची कडी.

ते वादळ १ मार्च २०१८ला उठले. ‘नेचर’मध्ये जड बोमन, ॲलन रॉजर्स आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मर्चिसन भागात ‘एजेस’ नावाचा त्यांचा प्रयोग चालला होता. त्याचा अँटेना एखाद्या टेबलाएवढा होता आणि त्याखाली धातूची जाळी अंथरलेली होती. ७८ मेगाहर्ट्झला त्यांना एक खळगा दिसला. विश्व साधारण २२ कोटी वर्षांचे असताना हायड्रोजनने मागून येणारे आदिम प्रारण शोषले, त्याची ही खूण असल्याचा त्यांचा दावा होता. त्या पट्ट्यात आकाशगंगेची स्वतःची रेडिओचमक या खळग्याहून हजारो पट जास्त असते. तेव्हा नुसते दिसणे हेच मोठे होते. पण खळबळ झाली ती खोलीमुळे. खळगा अर्ध्या केल्व्हिनचा होता आणि सर्वमान्य भौतिकशास्त्र ०.२ केल्व्हिनच्या पुढे जाऊच देत नव्हते.

हा ०.२चा आकडा कुठून येतो? महास्फोटानंतर सुमारे ३.८ लाख वर्षांनी अणू बनले. पुढे काही काळ वायू आणि प्रारण एकाच तापमानाने थंड होत राहिले, मग त्यांची फारकत झाली. वायू प्रारणापेक्षा वेगाने थंड होतो. पहिले तारे पेटायच्या सुमाराला प्रारण जवळजवळ ५० केल्व्हिनवर होते आणि वायू ७ केल्व्हिनच्या आसपास. ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने हायड्रोजनच्या फिरकीची स्थिती वायूच्या तापमानाशी बांधली गेली आणि थंड वायू गरम प्रारण शोषू लागला. या दोन तापमानांतले अंतर जेवढे जास्त, तेवढा खळगा खोल. म्हणजे अर्ध्या केल्व्हिनचा खळगा खरा मानायचा तर एक तर मागचे प्रारण अपेक्षेपेक्षा प्रखर हवे किंवा वायू निम्म्याहून कमी तापमानाचा हवा. वायू गरम करायला विश्वात सतराशे साठ गोष्टी आहेत, ताऱ्यांपासून कृष्णविवरांपर्यंत. पण ७ केल्व्हिनच्या वायूतली उष्णता काढून घ्यायला त्याहून थंड असे काही हवे. त्या काळी तसे एकच होते: कृष्णद्रव्य.

तेल अवीव विद्यापीठाचे रेनन बरकाना यांनी त्याच अंकात हे गणित मांडले. वायूचे अणू कृष्णद्रव्याच्या कणांवर आपटले, तर उष्णता तिकडे जाईल. त्यासाठी कण हलका हवा, प्रोटॉनच्या काही पटींपेक्षा जड नको. जड कण संख्येने थोडे असतात, ते पुरेशी उष्णता शोषू शकत नाहीत. आणि टक्कर अशा जातीची हवी की वेग कमी झाला की तिचा जोर झपाट्याने वाढावा, वेगाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. दोन विद्युतभारित कणांची टक्कर अशीच असते. विश्वाच्या इतिहासात वायू सर्वांत संथ आणि सर्वांत थंड होता तो याच टप्प्यावर, त्यामुळे एरवी कुठेही न दिसणारा परिणाम इथेच दिसावा हे तर्काला धरून होते. कल्पना देखणी होती. काही महिन्यांत डझनावारी निबंध आले.

आणि मग ताऱ्यांनी हरकत घेतली.

वेगावर असे अवलंबून राहणारे बल हवे असेल तर ते वाहून नेणारा कण जवळजवळ वस्तुमानरहित असावा लागतो. असा हलका कण साध्या द्रव्याशी जोडलेला असेल, तर तो ताऱ्यांच्या गाभ्यात आपोआप निर्माण होईल आणि कशालाही न अडता ऊर्जा घेऊन बाहेर पडेल. तारा आतून गळू लागेल. अशी गळती ताऱ्याच्या आयुष्यक्रमात लपत नाही. म्युनिकचे गिऑर्ग राफेल्ट यांनी ताऱ्यांना कणभौतिकीची प्रयोगशाळा म्हणून वापरण्याची ही पद्धत गेल्या चार दशकांत घडवली. १९९६ मध्ये त्यांनी तिच्यावर लिहिलेला ग्रंथ आजही या विषयातला आधार आहे.

पद्धत पाहण्याजोगी आहे. गोलाकार तारकागुच्छांत लाखो तारे एकाच सुमाराला जन्मलेले असतात. मे महिन्यात रात्री नांदेडहून दक्षिणेच्या क्षितिजावर, वीस-बावीस अंश उंचीवर, ओमेगा सेंटॉरी हा असा गुच्छ काळोख असेल तर नुसत्या डोळ्यांना पुसट ठिपक्यासारखा दिसतो. अशा गुच्छातला तारा म्हातारा झाला की फुगून तांबडा राक्षसी होतो. गाभ्यातल्या हेलियमचे तापमान सुमारे दहा कोटी अंशांवर गेले की हेलियम एकदम पेट घेतो आणि ताऱ्याचे तेजस्वी होत जाणे तिथेच थांबते. गाभ्यातून जादा ऊर्जा गळत असेल तर हेलियम उशिरा पेटेल, तोवर गाभा अधिक जड होईल आणि राक्षसी ताऱ्यांची कमाल तेजस्विता वाढेल. ती मोजता येते. एम ५ या गुच्छावरून २०१३ मध्ये ती काटेकोरपणे मोजली गेली आणि गळतीला फारशी जागा उरली नाही. दुसरी मोजणी हेलियम जाळणाऱ्या पुढच्या टप्प्यातल्या ताऱ्यांची. गळती असेल तर त्यांचे इंधन लवकर संपेल आणि गुच्छात त्यांची संख्या राक्षसी ताऱ्यांच्या मानाने कमी भरेल. म्हणजे इथे नुसती डोकी मोजायची असतात. दोन्ही मोजण्या एकच सांगतात: अज्ञात कणांनी ताऱ्यांतून नेलेली ऊर्जा असेलच तर अगदी किरकोळ आहे.

बरकाना यांच्या कल्पनेला हव्या त्या ताकदीचे नवे बल या कसोटीवर टिकत नाही. थोडेथोडके नव्हे, कित्येक पटींनी हरते. हे २०१८ मध्येच दोन स्वतंत्र गटांनी दाखवले, एक फर्मीलॅबशी संबंधित आणि एक इस्रायलमधला. इस्रायली गटात खुद्द बरकाना होते. आपल्याच कल्पनेची कोंडी करणाऱ्या निबंधावर सही करणे विज्ञानातही रोज घडत नाही.

मग एकच वाट उरली: नवे बल नको, जुने विद्युतचुंबकीय बलच चालवायचे. कृष्णद्रव्याच्या कणांवर अत्यल्प विद्युतभार आहे असे मानायचे, इलेक्ट्रॉनच्या भाराच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. हार्वर्डचे हुलियन मुन्योस आणि अवी लोब यांनी हे सुचवले. त्यांच्या मते सगळ्या कृष्णद्रव्यावर भार असायची गरज नाही, एखादा टक्का पुरे. इथेही तारे आडवे येतात. गाभ्यातल्या गरम वायूत प्रकाशकण जणू वस्तुमान असल्यासारखे वागतात आणि अशा भारित कणांच्या जोडीत विघटित होऊ शकतात. कण काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टहून हलका असेल तर त्याचा भार इलेक्ट्रॉनच्या भाराच्या ५० लाख कोटीव्या भागाइतकाही चालत नाही. त्याहून जड कणांसाठी साक्ष निघते ती २३ फेब्रुवारी १९८७ला दिसलेल्या अतिनवताऱ्याची. जपान, अमेरिका आणि रशिया इथल्या टाक्यांमध्ये त्याचे जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो सापडले, पण ते सुमारे दहा सेकंद येत राहिले. दुसरे कण ऊर्जा पळवत असते तर हा काळ आखडला असता.

तरी एक फट राहते. भार पुरेसा मोठा असेल तर कण अतिनवताऱ्याच्या गाभ्यातच अडकतात, बाहेर पडत नाहीत आणि ही कसोटी गैरलागू होते. तिथे दुसऱ्या मर्यादा धावून येतात: महास्फोटानंतरच्या पहिल्या मिनिटांत बनलेल्या हेलियमचे प्रमाण, कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेचा १९९०च्या दशकातला प्रयोग आणि प्लँक उपग्रहाने मोजलेले आदिम प्रारण. प्लँकच्या मोजमापांत अशा भारित कृष्णद्रव्याचा वाटा ०.४ टक्क्याच्या वर जाऊ शकत नाही. सगळ्या मर्यादा एकावर एक ठेवल्यावर साधारण एक ते आठ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट वस्तुमानाची एक चिंचोळी पट्टी उरली. तेवढ्याशा जागेत, एकूण कृष्णद्रव्याच्या हजारांत तीन-चार भागांनी सगळा वायू थंड केला असे मानावे लागते. अशक्य नाही, पण उत्तर प्रश्नाच्या मापाने कापून काढल्यासारखे वाटते हे खरे.

दरम्यान मूळ मोजमापावरच शंका येऊ लागल्या. केंब्रिजच्या रिचर्ड हिल्स यांच्या गटाने दाखवले की एजेसने गोंगाट पुसायला वापरलेले सूत्र भौतिकदृष्ट्या अशक्य किमती घेत होते. दुसऱ्या एका गटाने बोट दाखवले ते अँटेनाखालच्या जाळीकडे आणि जमिनीच्या थरांकडे. जमीन ओली-कोरडी होते, खाली खडक असतो आणि त्यावरून परतणाऱ्या लहरी खळग्यासारखा आकार तयार करू शकतात. मराठवाड्याच्या काळ्या रानाचे तर विचारूच नका; पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खाली बसाल्ट. तिथे असा अँटेना ठेवला तर दर महिन्याला नवे विश्व सापडेल.

बंगळुरूच्या रमण संशोधन संस्थेने यावर काढलेला तोडगा साधा आणि हुशार होता: जमीनच नको. त्यांचा ‘सारस ३’ हा अँटेना २०२०च्या सुरुवातीला तराफ्यावर बसवून कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावात आणि शरावतीच्या फुगवट्यात तरंगत ठेवला गेला. पाणी खोलवर एकसारखे असते, त्यामुळे खालून येणाऱ्या परावर्तनाचा हिशेब चोख करता येतो. सौरभ सिंग, रवी सुब्रह्मण्यन, उदय शंकर आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त आला. एजेसने सांगितलेल्या आकाराचा खळगा त्यांना दिसला नाही. तो दावा त्यांनी ९५.३ टक्के विश्वासपातळीवर फेटाळला. आपल्याकडे विष्णुपुरी आहे, मांजरा आहे, मग प्रयोग इथे का नको, असे कुणाला वाटेल. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हा मांजरा कोरडा ठाक होता. तराफा चिखलात रुतला असता.

९५.३ टक्के म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. कणभौतिकीत शोध मान्य व्हायला याहून कितीतरी कडक अट लावतात आणि फेटाळणीलाही तोच न्याय हवा. एजेसचा गट सुधारित उपकरणाने पुन्हा मोजतो आहे, दक्षिण आफ्रिकेत ‘रीच’ हा वेगळ्या पद्धतीचा प्रयोग उभा आहे. त्याच देशातल्या ‘हेरा’ दुर्बिणीने ९४ रात्रींच्या निरीक्षणांवरून दाखवले आहे की पुढच्या टप्प्यापर्यंत वायू बराच तापला होता. कृष्णद्रव्याने आधी त्याला थंड केले होते की नाही, हे त्यातून कळत नाही. तरीही आजचा निवाडा पुरेसा स्पष्ट दिसतो. एजेसचा खळगा कृष्णद्रव्यामुळे पडला असण्याची शक्यता फार थोडी उरली आहे आणि ती हायड्रोजनच्या मोजणीने कमी व्हायच्या आधीच ताऱ्यांनी बव्हंशी संपवली होती. पण कसोटी म्हणून हायड्रोजन आणि तारे ही जोडी बाद झालेली नाही. उद्या कुणाला ०.२ केल्व्हिनचा सरळमार्गी खळगा जरी सापडला, तरी तोही कामाचा ठरेल. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांना नष्ट करून वायू तापवत असते तर तो खळगा बुजला असता, म्हणून त्या गटातल्या बऱ्याच कल्पना एका फटक्यात निकालात निघतील.

पुढची मोठी मोजणी स्क्वेअर किलोमीटर ॲरे या जागतिक दुर्बिणीची. तिच्या ऑस्ट्रेलियातल्या भागात १,३१,०७२ छोटे अँटेना ५० ते ३५० मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकतील. भारताने यात १,२५० कोटी रुपयांचा सहभाग मंजूर केला आहे आणि भारताच्या वतीने पुढाकार आहे जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या संस्थेचा. एकाच अँटेनाने आकाशाची सरासरी मोजण्यापेक्षा ही दुर्बीण ठिकठिकाणचे चढउतार मोजेल. मुन्योस यांनी दाखवले आहे की कृष्णद्रव्य वायूला खरेच थंड करत असेल, तर दोघांच्या सापेक्ष वेगाप्रमाणे ते काही भागांत जास्त आणि काही भागांत कमी करेल, आणि त्याचा ठसा या चढउतारांत उमटेल. एका अँटेनाखालच्या ओल्या मातीला तसा ठसा उमटवता येणार नाही.

ताऱ्यांच्या बाजूची पुढची मोजणी मात्र मराठवाड्याच्या दाराशी येते आहे. नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि २०३० पर्यंत ती पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवले. जिल्ह्यात तिची चर्चा होते ती जमीन, रस्ते आणि रोजगार यांची. कृष्णद्रव्याशी तिचा संबंध फारसा कुणी सांगत नाही.

तो संबंध मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुलग्ना भट्टाचार्य आणि बासुदेब दासगुप्ता, बंगळुरूचे रंजन लाहा आणि अमेरिकेत काम करणारे अनुपम रे यांनी २०२३ मध्ये एका निबंधात मांडला. न्यूट्रॉन तारा इतका घट्ट असतो की त्यातून जाणारा कृष्णद्रव्याचा कण आत अडकू शकतो. कण एकमेकांना नष्ट करणारे नसतील तर ते मध्यभागी साठत जातील. साठा पुरेसा झाला की त्याचे चिमुकले कृष्णविवर बनेल आणि ते ताऱ्याला आतून गिळेल. मागे उरेल एक-दोन सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर, एरवीच्या ताऱ्यांच्या मृत्यूतून असे हलके विवर बनत नाही. अशा विवरांच्या जोड्या एकमेकींवर आदळल्या तर लायगोला दिसतील. आजवर तशी टक्कर दिसलेली नाही, आणि न दिसण्यावरूनच जड कृष्णद्रव्याच्या न्यूट्रॉनांशी होणाऱ्या टकरीवर मर्यादा घालता येते. एजेसच्या कणापेक्षा हा कण वेगळा, कितीतरी जड. पण युक्तिवाद तोच, तारा जिवंत आहे तेव्हा गळती किंवा गिळणे नाही. जगातल्या वेधशाळांत भारताची भर पडली की अशा टकरींची आकाशातली जागा अधिक नेमकी सांगता येईल आणि न दिसण्यालाही अधिक वजन येईल.

या सगळ्यात नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला आणि लातूरच्या महाविद्यालयांना करण्याजोगे बरेच आहे, आणि त्यासाठी २०३०ची वाट पाहायला नको. लायगोची जुनी मोजमापे जगात कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. जीएमआरटीची निरीक्षणेही राखीव मुदत संपल्यावर सर्वांना खुली होतात आणि दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात. एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी तेच ते जुने प्रयोग पुन्हा लिहून काढण्यापेक्षा एखाद्या विभागाने या मोजमापांना हात घालावा. आणि शाळांनी निदान एक सहल खोडदला न्यावी; विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, तिथे प्रदर्शन भरते आणि तबकड्या जवळून पाहायला मिळतात.